केरेनचा डोंगर आणि आषाढातली एक तारीख

दोनेक वर्षांमागची गोष्ट. मोरजीत आमच्या शेजारच्या घरात एक इटालियन जोडपं दोन महिन्यांसाठी येऊन राहिलं होतं. मोरजी म्हटलं की लोकांना कासवं आठवतात, नाहीतर रशियन पाहुणे. त्यामुळे इटालियन म्हणजे आमच्या वाड्यावर नवलच होतं. बाई दिवसभर समुद्रावर. नवरा सत्तरीच्या आसपासचा, त्याला पोहण्यात रस नव्हता. तो संध्याकाळी सोप्यावर बसायचा आणि मी दिसलो की हात करायचा. त्याच्या एका जुन्या बनियनवर टोपीचं चित्र होतं. फेल्टची टोपी आणि तिच्या डाव्या बाजूला खोचलेलं एक लांब काळं पीस. मी त्याला विचारलं, "तुम्ही शिकारी का?" तो हसला. म्हणाला, "आल्पिनी." तरुणपणी तो डोंगरी पलटणीत होता, त्याचे वडील होते, आणि वडिलांचा थोरला भाऊही. थोरला काका मात्र परत आला नाही. आफ्रिकेत मारला गेला.

मी सहज म्हणून विचारलं, आफ्रिकेत कुठं?

"केरेन. १९४१."

वाचकहो, हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. हे नाव मी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून ऐकत आलो आहे.

माझी एक आत्या तेरेखोल नदीपलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला दिलेली. आमच्या पेडण्याच्या लोकांच्या सोयरिकी त्या बाजूला असणं यात काही विशेष नाही. १७८८ सालापर्यंत पेडणं सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होतं, त्यानंतर ते पोर्तुगिजांकडे गेलं. राज्य बदललं म्हणून माणसं थोडीच बदलतात? देव तेच, नाती तीच, जत्रांना जाणं-येणं तेच. गोवा मुक्त झाल्यावर आम्ही मुलं मे महिन्यात आत्याकडे जायला लागलो. आत्याचे सासरे मराठा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. आम्ही त्यांना आजोबा म्हणत असू. पडवीत आरामखुर्चीवर बसून ते तपकीर ओढायचे आणि मधेच कुणाला उद्देशून नाही असं बोलायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "केरणचो डोंगर माका अजून सपनात येता."

आम्हाला वाटायचं ते आमच्या केरीबद्दल बोलतायत. पेडण्यातलं केरी, समोर तेरेखोलचा किल्ला, मधे नदीचं मुख. तिथल्या डोंगराला भिण्यासारखं काय आहे हे कोडं काही सुटत नव्हतं. पुढे कॉलेजात असताना दुसऱ्या महायुद्धावरचं एक पुस्तक हातात पडलं आणि मग उजेड पडला. आजोबा तोवर गेले होते.

तर आधी या इटालियन पिसाची गोष्ट. इटली देश म्हणून एक झाला त्यानंतर उत्तरेची सगळी सरहद्द म्हणजे आल्प्सची भिंत. तिथं पठारावरच्या पोरांना नेऊन उभं करण्यात अर्थ नाही, त्या त्या खोऱ्यातल्याच पोरांची पलटण त्याच खोऱ्याच्या राखणीला ठेवावी, अशी कल्पना ज्युसेप्पे पेरुक्केत्ती नावाच्या कप्तानाने मांडली. १५ ऑक्टोबर १८७२ रोजी आल्पिनींच्या पहिल्या कंपन्या उभ्या राहिल्या. जगातल्या खास डोंगरी पायदळांत ही सर्वांत जुनी समजली जाते. एका गावचे सगळे एका कंपनीत. त्यामुळे हिंमत वाढते हे खरं, पण एका वाईट दिवसात अख्खं गाव रिकामं होतं हेही तितकंच खरं. ते टोपीत काळं पीस खोचतात आणि पाठीवरचं ओझं खेचरांवर लादतात. या खेचरांवर त्यांचा इतका जीव की १९९३ साली फौजेतली शेवटची खेचरं विकायला काढली तेव्हा म्हातारे आल्पिनी ती वाचवायला धावले होते. हे सांगताना आमच्या पाहुण्याचे डोळे खरंच भरून आले. काकाबद्दल बोलताना ते भरले नव्हते, याची मला गंमत वाटली.

आल्प्स राखायला काढलेल्या या पलटणी इटलीच्या राज्यकर्त्यांनी मात्र भलत्याच ठिकाणी पाठवल्या. १८९६ साली अडव्याला इथिओपियाच्या सम्राटाने इटालियन फौजेचा धुव्वा उडवला, त्यात आल्पिनींची एक बटालियन होती. पहिल्या महायुद्धात ते घरच्या बर्फात लढले, ते ठीक. पण दुसऱ्या महायुद्धात मुसोलिनीने त्यांना रशियाच्या सपाट मैदानात डॉन नदीवर नेऊन उभं केलं आणि १९४३ च्या जानेवारीत तिथून परतताना त्यांचे हजारो लोक बर्फात राहिले. आणि एक बटालियन होती पूर्व आफ्रिकेत. तिचं नाव 'उओर्क अंबा'.

अंबा हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांपुढे देवी उभी राहते. तिकडे अंबा म्हणजे कडे तुटलेला, माथा सपाट असलेला डोंगर, थोडक्यात आपल्या सह्याद्रीतल्या गडांसारखा. उओर्क म्हणजे सोनं. इथिओपियातल्या एका डोंगराचं हे नाव, १९३६ च्या लढाईनंतर इटालियनांनी ते बटालियनला दिलं. पाहुण्याचा काका या बटालियनमध्ये होता.

आता आपल्या बाजूला येऊ. मराठा लाइट इन्फन्ट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ सालची, मुंबईच्या इंग्रजांनी उभारलेली. तिलाच पुढे जंगी पलटण म्हणू लागले. दुसरी 'काली पांचवी'. 'लाइट इन्फन्ट्री' हा मान १८४१ चा. १९२२ साली वेगवेगळ्या मराठा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि तिचं केंद्र बेळगावला आलं, ते आजही तिथंच आहे. भरती मुख्यतः कोकण आणि घाटमाथ्याची. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी. गोरे साहेब यांना लाडाने 'गणपत' म्हणायचे. उंचीनं बेताचे, दिसायला काही रुबाबदार नव्हेत. पंजाबी पलटणींच्या शेजारी उभे केले तर कुणाची नजर जाऊ नये असे. चढायला लागले की मात्र थांबायचे नाहीत. आल्पिनींसारखी ही काही कागदोपत्री डोंगरी पलटण नव्हे. पण ज्याचा जन्म चढणीवर गेला, लाकडाची मोळी आणि तांदळाचं ओझं डोक्यावर घेऊन घाट उतरण्यात गेला, त्याला वेगळं डोंगरी शिक्षण कुठून द्यायचं?

१९४१ च्या सुरुवातीला जनरल प्लॅट सुदानातून इटालियनांच्या एरिट्रियात घुसला. त्याच्याकडे चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन होती. अस्मारा या राजधानीकडे जाणारा रस्ता केरेन गावातून जातो, आणि केरेनला जायला दोंगोलास नावाची एकच खिंड. दोन्ही बाजूंना उघडे, दगडी, झाडाचा तुकडाही नसलेले डोंगर. इटालियनांनी कडे सुरुंगाने उडवून खिंडीतला रस्ता दगडांनी भरून टाकला होता आणि जनरल कार्निमेओचे लोक वरच्या सगळ्या माथ्यांवर बसले होते. डावीकडे सांकिल, उजवीकडे दोलोगोरोडोकचा किल्ला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लढाई जुंपली ती २७ मार्चपर्यंत चालली. पहिले हल्ले फसले. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम यांना याच लढाईत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आजोबा तिसऱ्या पलटणीत होते. कर्नल डेनिस रीड हा त्यांचा साहेब. दुसरी पलटणही याच लढाईत होती. आजोबांनी सांगितलेलं मला जे आठवतं त्यात शौर्य वगैरे फारसं नाही, पाणी आहे. खाली वाळवंटासारखी उष्णता आणि वर प्यायला थेंब नाही. पाण्याचे डबे, दारूगोळा, सगळं पाठीवर वाहून न्यायचं. पलटणीतली बरीच माणसं लढाईऐवजी हमालीतच गुंतलेली असायची आणि जखमी माणसाला खाली उतरवायचं म्हणजे अर्धा दिवस. दगड इतके तापलेले की आडवं पडून गोळी चुकवावी तर पोट भाजायचं. "वर इटालियन, खाली दगड, मधे आमी," असं ते म्हणायचे. इटालियनांचं एक शस्त्र त्यांच्या चांगलंच लक्षात होतं, छोटे हातबॉम्ब. वरून आंब्यासारखे टपटप पडायचे.

निकालाचा दिवस १५ मार्च. संध्याकाळी नवव्या ब्रिगेडला दोलोगोरोडोकच्या किल्ल्याकडे सोडलं. किल्ल्याच्या वाटेवर एक सुळका होता, इंग्रजांनी त्याचं नाव 'पिनॅकल' ठेवलं होतं. दिवसा तिथं पाऊल टाकणं अशक्य झालं होतं. चांदण्यात तिसरी मराठा पलटण पुढे आणि फ्रंटियर फोर्सची पलटण मदतीला, असे ते चढले आणि सुळका घेतला. मग वेस्ट यॉर्कशायरच्या पलटणीने पहाटे किल्लाच घेतला. त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या कॉम्प्टन मॅकेन्झीने पिनॅकलच्या या लढाईला डोंगरी लढायांत फार वरचं स्थान दिलं आहे.

पण गड घेणं वेगळं आणि राखणं वेगळं. इटालियनांनी किल्ल्यावर पुन्हापुन्हा उलट हल्ले केले. 'इटालियन लढत नाहीत' ही इंग्रजांनी पसरवलेली थट्टा केरेनला कुणी करू नये. लोरेन्झिनीसारखा त्यांचा नावाजलेला अधिकारी १७ मार्चला तिथंच पडला. त्यांच्या बाजूने लढणाऱ्या एरिट्रियन अस्कारी शिपायांना तर कुणी विचारतही नाही. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी तिसऱ्याशी लढणारे ते, आणि समोर तसेच आपले. शेवटी २५ मार्चला खिंडीच्या तळातून, आगगाडीच्या बोगद्यातून शिरून रस्त्यावरचे दगड हटवायची वाट मोकळी केली आणि दोन दिवसांत केरेन पडलं. १ एप्रिलला अस्मारा. इंग्रजांच्या बाजूचे ५३६ मेले, ३,२२९ जखमी झाले. इटालियन बाजूचे मेलेले सुमारे तीन हजार सांगतात. 'उओर्क अंबा' बटालियन या लढाईत खलास झाली ती झालीच.

हे सगळं मी पाहुण्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तुमचे आजोबा वर चढत होते आणि माझा काका वर होता." मी म्हटलं, तसंच काही नाही, डोंगर मोठा आहे, पलटणी पुष्कळ होत्या. त्याने फोनमध्ये केरेनच्या इटालियन दफनभूमीचा फोटो दाखवला. पांढरे क्रूस, मागे तोच उघडा डोंगर. आजोबांच्या स्वप्नातला डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तो असा, मोरजीच्या सोप्यावर, इटालियन माणसाच्या फोनवर.

इथं थोडं विषयांतर करतो. या काळात आम्ही गोंयकार कुठं होतो? कागदावर कुठंच नव्हतो. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवा तटस्थ. मुरगावच्या बंदरात तीन जर्मन जहाजं आणि 'आंफोरा' नावाचं एक इटालियन जहाज युद्ध सुरू झाल्यापासून आसऱ्याला येऊन अडकलं होतं. १९४३ च्या ९ मार्चला रात्री कलकत्त्याहून आलेल्या मध्यमवयीन इंग्रजांनी 'एहरेनफेल्स' या जर्मन जहाजावर चोरून हल्ला केला आणि त्या गडबडीत खलाशांनी आपली चारही जहाजं बुडवली. तटस्थपणाचं एवढंच. आणि नदीपलीकडचे आमचे सोयरे मात्र तेव्हा तीन खंडांत लढत होते. एका नदीचं अंतर, पण युद्ध एका काठाला होतं आणि दुसऱ्या काठाला नव्हतं.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आजोबांचा धाकटा भाऊही तिसऱ्या पलटणीत भरती झाला होता. आजोबा केरेननंतर जखमेमुळे बेळगावला शिकाऊ पोरांना कवायत शिकवायला आले आणि भाऊ पुढे गेला, इटलीला. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली आणि सगळं उलटंपालटं झालं. कालचे शत्रू आता दोस्त. आल्पिनींची 'पिएमोंते' नावाची एक बटालियन दोस्तांच्या बाजूने उभी राहिली, तर मुसोलिनीच्या उरलेल्या राज्याने 'मोंतेरोझा' नावाची आल्पिनींचीच एक डिव्हिजन जर्मनांसाठी उभारली. पाहुण्याचे वडील यातले कुठले, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. १९४४ च्या नाताळात सेर्किओच्या खोऱ्यात जर्मनांनी आणि या मोंतेरोझावाल्यांनी अचानक हल्ला केला तेव्हा फळी सावरायला आठव्या भारतीय डिव्हिजनला घाईने तिकडे धाडलं होतं, आणि त्या डिव्हिजनमध्ये आपली जंगी पलटण होती. म्हणजे मराठे आणि आल्पिनी यांची गाठ पुन्हा एकदा डोंगरातच.

तिसरी पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये. गंमत बघा, या डिव्हिजनचा सेनापती होता तोच डेनिस रीड. मधल्या काळात तो वाळवंटात पकडला गेला होता आणि इटलीतल्या कैदेतून निसटून आला होता. १९४४ च्या जुलैत ही डिव्हिजन तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपेनाइन डोंगरात पोचली. १० जुलैला मोंतोने गावाजवळ नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगन सुटली. त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले, हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढल्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर जंगी पलटणीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना गळ्याएवढ्या पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवलं, मग परत येऊन तीन मशीनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून पलटणीला हाका मारल्या. ते नगर जिल्ह्यातले. जिवंत परतले, १९८४ साली वारले.

इटलीत भारतीय फौजेचे ५,७८२ लोक मेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले सहा. उरलेल्यांतला एक म्हणजे आजोबांचा भाऊ.

त्याच्या घरी तार आली ती 'बेपत्ता' अशी. नंतर बऱ्याच महिन्यांनी कागद आला की मेला असं समजावं. त्याची बायको, आम्ही तिला धाकटी आजी म्हणायचो, तिने १९४६ साली आजोबा पेन्शनीवर घरी येईपर्यंत मंगळसूत्र काढलं नाही. आजोबांनी सांगितल्यावर काढलं. तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. तेव्हा ज्याची तिथी माहीत नाही त्याचं श्राद्ध जसं करतात तसं सर्वपित्री अमावास्येला त्याचं पान वाढायचं असं ठरलं. धाकटी आजी म्हातारी होऊन गेली. तिला फक्त 'इटली' एवढा शब्द माहीत होता आणि तो ती 'इटाली' असा म्हणायची.

पाहुणा म्हणाला, "नाव सांग, शोधू." युद्धात मेलेल्यांच्या नोंदी आता संगणकावर आहेत. ज्यांचं थडगं नाही अशा चार हजारांवर लोकांची नावं कासिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, यशवंत घाडगेही त्यांतच. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून बघितलं. पाचव्यांदा सापडला. बापाचं नाव बरोबर, गावाचं नाव ओळखू येणार नाही असं मोडलेलं, पण पुढे सावंतवाडी. आणि तारीख. १९४४ च्या जुलैतली, घाडगे पडले त्यानंतर काही दिवसांनी. जुन्या पंचांगात बघितलं, आषाढ वद्य.

मोंतोने गावात आता यशवंत घाडग्यांचं स्मारक आहे. २०२३ च्या जुलैत तिथल्या लोकांनी आणि इटलीच्या लष्करी इतिहासकारांनी मिळून उभारलं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. पाहुणा म्हणाला, परत गेलो की बघून येईन, माझ्या घरापासून पाच-सहा तासांवर आहे. मार्चमध्ये त्याने फोटो पाठवला. ढगाळ दिवस होता, घड्याळावर सावली नव्हती.

मी आत्याच्या घरी फोन केला. आता तिथं माझा आतेभाऊ आणि वहिनी. आतेभाऊ ऐकून गप्पच झाला. त्याने फोन वहिनीकडे दिला. तिला मी सगळं सांगितलं, तारीख सांगितली, तिथी सांगितली. ती म्हणाली, "मगे आता वर्साक दोनदा पान वाढूचा काय? ऐंशी वर्सां सर्वपित्रीकच जेवता हा तो. आणि आषाढाच्या पावसात भटजी खंयसून मेळतलो?"

मी म्हटलं, तुम्ही ठरवा.

रात्री नऊच्या सुमारास तिचाच फोन आला. तिथी नीट लिहून पाठव म्हणाली, कागदावर, मोबाइलवर नको.